मॉन्टेरे काउंटीत नव्याने येताय? आधी लेट्यूसचा पडदा ओलांडा

अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सलीनसला नोकरी लागल्याचं घरी कळवलं, तेव्हा धाकट्या भावाने लगेच मोबाइलवर मॉन्टेरेचे फोटो काढून सगळ्यांना दाखवले. निळाशार समुद्र, खडकावरचं एकटं सायप्रस, पाण्यात पाठीवर झोपलेला ऑटर, म्हणजे पाणमांजर. "ताई, तू इथे राहणार?" आई तर आठवडाभर शेजारणींना सांगत होती, पोरगी समुद्रकिनारी चालली म्हणून. मी उतरले ती मॉन्टेरेपासून तीस किलोमीटर आत. खिडकीबाहेर लेट्यूसचं रान. पहाटे साडेपाचला तिथे दिवे दिसायचे आणि मजुरांच्या जुन्या बसगाड्या, मागे फिरते संडास ओढत, बांधाला येऊन उभ्या राहायच्या.

फोटोतली काउंटी आणि राहायची काउंटी यांच्यामध्ये एक पडदा आहे. इथले लोक त्याला 'लेट्यूस कर्टन' म्हणतात. एका बाजूला मॉन्टेरे, पॅसिफिक ग्रोव्ह, पेबल बीच आणि कार्मेलचं द्वीपकल्प. दुसऱ्या बाजूला सलीनसचं खोरं. मधला हायवे ६८ रहदारी नसली तर अर्ध्या तासाचा. पण द्वीपकल्पावर कित्येक वर्षं राहूनही सलीनसला फक्त कोर्टाच्या कामासाठी गेलेली माणसं मला भेटली आहेत, आणि हॉटेलातली सफाईची पाळी सोडली तर कार्मेलला कधीच न गेलेलीही. म्हणून हे मार्गदर्शन थोडं उलट्या क्रमाने आहे. ऑटर कुठे जात नाहीत.

नकाशा: आधी नद्या

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. पण कलेक्टर नाही. पाच निवडून आलेल्या सुपरवायझरांचं मंडळ कारभार पाहतं, आणि शेरीफसुद्धा निवडून येतो. जमिनीचं क्षेत्रफळ साधारण साडेआठ हजार चौरस किलोमीटर, २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या ४,३९,०३५. त्यातले एक लाख त्रेसष्ट हजार एकट्या सलीनस शहरात, म्हणजे काउंटीच्या मुख्य ठाण्यात.

नदीवरून नकाशा लवकर पाठ होतो. सलीनस नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि बराच काळ वाळूखालून वाहते. उन्हाळ्यात पुलावरून पाहिलं तर नुसतं वाळूचं पात्र दिसतं, पण शेजारची शेतं हिरवीगार, कारण पाणी विहिरींतून वर येतं. नदीच्या पूर्वेला गॅबिलान डोंगर, पश्चिमेला सांता लुसिया. सांता लुसियाच्या पलीकडे बिग सर आणि थेट समुद्र. आपल्याकडे सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये कोकणची पट्टी आहे. इथे ती पट्टीच नाही. कोन पीक हे शिखर १,५७१ मीटरचं, कळसूबाईपेक्षा जेमतेम पाऊणशे मीटर कमी, आणि समुद्रापासून अवघ्या पाच किलोमीटरवर. उत्तरेची हद्द पाहारो नदी. तिच्या पलीकडे सांताक्रूझ काउंटी.

पाण्याखालीही एक नकाशा आहे. मॉस लँडिंगच्या धक्क्याजवळूनच मॉन्टेरे कॅन्यन ही दरी सुरू होते आणि साडेतीन किलोमीटरहून खोल जाते. खोल पाण्यातले देवमासे किनाऱ्याच्या इतक्या जवळ येतात ते या दरीमुळे. हिवाळ्यात ग्रे व्हेल, उन्हाळ्यात हम्पबॅक.

आणि उच्चार. स्पॅनिश नावांत 'जे'चा 'ह' होतो. Pajaro असं पाटीवर दिसलं तरी तोंडाने 'पाहारो', आणि जुन्या स्पॅनिश मिशनजवळचं, म्हणजे पाद्र्यांच्या धर्मकेंद्राजवळचं, गाव 'होलोन'. बिग सरमधलं 'सर' शाळेतलं नव्हे. स्पॅनिशमध्ये 'सुर' म्हणजे दक्षिण. मॉन्टेरेच्या दक्षिणेचा तो अफाट मुलूख, एवढाच अर्थ.

घर पाहताना: धुकं, वारा, पाणी

भाड्याचा आकडा तुम्ही पाहालच, म्हणून जाहिरातीत नसतं ते सांगते.

उन्हाळ्यात किनाऱ्यावर धुकं बसतं. ऑगस्टात मॉन्टेरेत दुपारी वीस अंश आणि अंगात जाकीट, त्याच वेळी शंभरेक किलोमीटर आत किंग सिटीत तीस-पस्तीस. सलीनस मधलं. सकाळी ढगाळ, दुपारी समुद्राकडून खोऱ्यात घुसणारा वारा, इतका रोजचा की उघड्यावरची झाडं एकाच दिशेला वाकलेली दिसतात. गच्चीत कपडे वाळत घालायची सवय असेल तर चिमटे भरपूर आणा. लेट्यूसला मात्र हीच हवा लागते. ऊन तापलं की ते फुलोऱ्यावर जातं आणि कडू होतं.

द्वीपकल्पावर घर घेणार असाल तर पाण्याची चौकशी आधी करा. तिथे बाहेरून पाणी येत नाही. भिस्त मुख्यतः कार्मेल नदी आणि सीसाइड शहराखालच्या भूजलावर, आणि नदीतून जास्त उपसा केल्याबद्दल राज्याने २००९ साली कडक आदेश काढले. परिणाम असा की घरात नळ वाढवायचा तरी पाण्याचे 'क्रेडिट' लागतात. ओळखीच्या एकांनी पाहुण्यांसाठी दुसरं न्हाणीघर काढायचं ठरवलं. फरश्या निवडून झाल्या, कंत्राटदार ठरला, आणि मग कळलं की त्या घराच्या नावावर पाणीच शिल्लक नाही. फरश्या अजून गॅरेजात आहेत.

तिसरी गोष्ट पत्त्याची. काउंटीत शहरं फक्त बारा. प्रूनडेल, कास्ट्रोव्हिल, पेबल बीच, कार्मेल व्हॅली, चुआलार ही शहरं नाहीत. तिथली परवानगी, पोलीस, रस्ते सगळं काउंटीकडे. टपालाच्या पत्त्यात 'सलीनस' असूनही घर शहराबाहेर असू शकतं. कार्मेल शहराची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे घरांना नंबरच नसत, नावं असत, आणि लोक टपाल आणायला पोस्टात जात. अलीकडे नंबर द्यायचं ठरलं तेव्हा त्यावरही जोरदार वाद झाला. पाहुण्यांना पत्ता सांगताना "अमुक रस्त्यावर, तमुक चौकापासून तिसरं, पूर्वेला" असंच सांगतात. पुण्याच्या पेठेतल्या माणसाला यात नवल वाटायला नको.

एक दिवस मॉन्टेरेत, पायी

गाडी बंदराजवळ लावा आणि कस्टम हाउसपासून सुरुवात करा. कॅलिफोर्नियाच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीतलं हे क्रमांक एक. मॉन्टेरे हे नाव १६०२ साली विस्काइनो या स्पॅनिश दर्यावर्दीने व्हाइसरॉयच्या नावावरून दिलं. १७६९ मध्ये पोर्तोला नावाचा स्पॅनिश अधिकारी हा उपसागर शोधत आला आणि समोर असूनही त्याला तो ओळखता आला नाही. विस्काइनोने वर्णनच इतकं फुगवून केलं होतं. (घरमालकांच्या जाहिराती वाचताना मला विस्काइनो आठवतो.) पुढच्या वर्षी तो परत आला, तेव्हा किल्ला आणि मिशन उभं राहिलं. १७७७ पासून हे राजधानीचं गाव, आधी स्पेनच्या, मग मेक्सिकोच्या अमलात. ७ जुलै १८४६ रोजी अमेरिकन आरमाराने याच कस्टम हाउसवर आपला झेंडा चढवला. १८४९च्या शरद ऋतूत जवळच्या कोल्टन हॉलमध्ये राज्यघटना लिहिली गेली. ती इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत निघाली. इथे स्पॅनिश पाट्या पाहून कुणी नाक मुरडलं तर हे सांगायला बरं पडतं.

कस्टम हाउसजवळच जुन्या व्हेलिंग स्टेशनसमोरची पायवाट वाकून पाहा. ती व्हेलच्या हाडांची आहे. पोर्तुगीज व्हेलमारूंनी मणके कापून फरशीसारखे बसवले. पावलांनी गुळगुळीत झालेले, पिवळट, मध्ये स्पंजासारखी भोकं. माझ्या मुलीने त्यावर पाय ठेवायला नकार दिला होता.

तिथून समुद्राच्या कडेने जुन्या रेल्वेमार्गावरची पायवाट धरा. कॅनरी रो लागेल. सार्डीनच्या कारखान्यांचा हा रस्ता. १९४०च्या दशकात भरभराटीला आला आणि पन्नाशीच्या सुरुवातीला मासाच नाहीसा झाला, भरमसाट मासेमारी आणि समुद्राचं बदललेलं तापमान दोन्ही नडलं. रस्त्याचं मूळ नाव ओशन व्ह्यू अव्हेन्यू. सलीनसमध्ये जन्मलेल्या स्टाइनबेकच्या १९४५च्या कादंबरीवरून १९५८ साली नाव बदललं. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या जागी १९८४ मध्ये मत्स्यालय उघडलं. तिकीट महाग आहे, पण केल्प या उंच समुद्री शेवाळाच्या जंगलाच्या टाकीसमोर बसून राहायला ते वसूल होतं.

बहुतेक जण इथून मागे फिरतात. तुम्ही दहा मिनिटं पुढे चला. कुंपणापलीकडे स्टॅनफर्ड विद्यापीठाचं हॉपकिन्स मरीन स्टेशन दिसेल. या टोकावर १८५०च्या दशकापासून चिनी कोळ्यांचं गाव होतं. रात्री होड्यांवर आगट्या पेटवून ते स्क्विड पकडायचे आणि उन्हात वाळवायचे. वाळत्या स्क्विडचा वास शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्हच्या लोकांना सोसेना. पॅसिफिक ग्रोव्ह हे १८७५ मध्ये मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या शिबिरातून वसलेलं. दारूबंदी त्यांनी पार १९६९ पर्यंत चालवली. १६ मे १९०६ रोजी चिनी वस्तीला आग लागली, बरीचशी घरं जळाली, आणि रहिवाशांना तिथे पुन्हा बांधू दिलं नाही. २०२२ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह शहराने त्याबद्दल रीतसर माफी मागितली. आता त्या खडकांवर सील पिल्लांना घेऊन पहुडलेले असतात, आणि लोक फोटो काढतात ते त्यांचे.

सुकी मासळी नाकाला नवी नसलेल्या आपल्यासारख्यांनी तिथे थोडं थांबावं.

आपल्या माणसांसाठी एक आडवळण. शहरातल्या काउंटी फेअरग्राउंड्सवर जून १९६७च्या पॉप महोत्सवात रविवारी दुपारी रविशंकरांची सतार झाली, तबल्यावर अल्लारखाँ. फाटकापाशी उभं राहून पाहिलं तर मैदान अगदी साधं आहे, तालुक्याच्या कृषी प्रदर्शनासारखं.

मग पडदा ओलांडा

हायवे ६८ ने सलीनसकडे निघालात की स्प्रेकल्सला वळा. साखर कारखान्याच्या गावात वाढलेल्या माणसाला इथे ओळखीचं वाटेल: सारखी लाकडी घरं, रुंद रस्ता, झाडांच्या रांगा, आणि मालकाचं नाव गावाला. क्लॉस स्प्रेकल्सने १८९९ मध्ये इथे बीटपासून साखर करणारा कारखाना सुरू केला, तेव्हा तो जगात सर्वांत मोठा म्हणत. साखर १९८२ मध्ये थांबली, गाव आहे.

सलीनसमध्ये वेस्ट अलिसाल स्ट्रीटवर काउंटीची कार्यालयं आहेत, काम निघतंच. रांगेत उभं राहण्याआधी १९३७च्या जुन्या कोर्टाच्या भिंतींकडे वर पाहा. आदिवासी, स्पॅनिश शिपाई, पाद्री, अमेरिकन वसाहतवाले असे इतिहासातले चेहरे जो मोरा या शिल्पकाराने ओळीने कोरून ठेवलेत.

पण सलीनस कळतं ते रानात. एप्रिल ते ऑक्टोबर कधीही सकाळी सातला नदीकाठच्या रस्त्याने जा, गाडी बाजूला घ्या, शेतात पाय टाकू नका. अन्नसुरक्षेचे नियम कडक आहेत आणि मुकादम हाकलतो. यंत्र विमानाच्या पंखासारखं आडवं पसरून गोगलगाईच्या गतीने सरकत असतं. पुढे वाकलेली माणसं लेट्यूसचा गड्डा डाव्या हाताने कलता करतात, सुरी एकदा बुडाशी, एकदा बाहेरच्या पानांवर, आणि गड्डा वर. वर उभ्या बायका तो प्लास्टिकमध्ये गुंडाळतात, खोक्यात चोवीस. डोक्यावर टोपी, त्याखाली तोंडाभोवती रुमाल, रेडिओवर मेक्सिकन बँड. आयता धुतलेला सॅलडचा डबा फ्रिजमधून काढताना मला आता तो सुरीचा आवाज येतो.

या कामावर कोण होतं हे पाहिलं की इथला इतिहास पाठ होतो. चिनी मजुरांनी दलदली उपसून जमीन तयार केली. मग जपानी आले. १९४२ मध्ये त्यांना घरातून उचलून आधी सलीनसच्या रोडिओच्या मैदानावर ठेवलं, तिथून वाळवंटातल्या छावण्यांत पाठवलं. फिलिपिनो मजुरांनी १९३४ मध्ये लेट्यूसचा संप केला. दुष्काळात ओक्लाहोमाकडून आलेले गोरे पूर्वेच्या अलिसाल भागात झोपड्या घालून राहिले. युद्धकाळापासून 'ब्रासेरो' करारावर मेक्सिकन पुरुष आले. १७ सप्टेंबर १९६३ रोजी चुआलारजवळच्या फाटकावर मालगाडीने त्यांची गाडी उडवली. ट्रकच्या पाटीवर बाक ठोकून केलेली ती बस होती. ३२ जण गेले. पुढच्या वर्षअखेर तो करारच संपला. हायवे १०१च्या त्या तुकड्याला आज त्यांचं नाव आहे. १९७० मध्ये शेतमजुरांचा पुढारी सीझर चावेझ याच्या संघटनेचा मोठा संप झाला, आणि लेट्यूसवरचा बहिष्कार मागे घेईना म्हणून डिसेंबरात त्याला सलीनसच्या तुरुंगात टाकलं. कॅलिफोर्नियात शेतमजुरांना संघटनेचा कायदेशीर हक्क १९७५ मध्ये मिळाला.

आता बरेच जण एच-२ए या हंगामी शेतमजुरीच्या व्हिसावर येतात. तुमचा एच-१बी, त्यांचा एच-२ए. वाणसामानाच्या रांगेत दोन्ही व्हिसे एकामागे एक उभे असतात.

नोव्हेंबरात आणखी एक गोष्ट दिसेल. रानं रिकामी, आणि यंत्रं ट्रकवर चढलेली. अख्खा लेट्यूसचा धंदा ॲरिझोनातल्या युमाला जातो आणि वसंतात परततो. कामगारांच्या घरची काही मुलंही वर्गातून मध्येच जातात. ऊसतोडीला गेलेल्यांची रिकामी घरं ज्याने पाहिली आहेत त्याला जास्त सांगायला नको.

दक्षिणेला गोंझालेस, सोलेदाद, ग्रीनफिल्ड, किंग सिटी. ग्रीनफिल्डमध्ये मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून आलेले त्रिकी आणि मिश्तेक भाषक आहेत. त्यांच्यातल्या अनेकांची स्पॅनिश ही दुसरी भाषा. दवाखान्यात काम करणार असाल तर 'स्पॅनिश दुभाषी आहे, झालं' असं समजू नका.

मूळ रहिवासी

रुम्सेन ओलोनी, एसेलेन आणि सलीनन हे इथले आधीचे लोक, आणि ते आजही आहेत. कार्मेलचं मिशन पाहायला जाल तेव्हा चर्चमधली सेरा या मिशन उभारणाऱ्या स्पॅनिश पाद्र्याची कबर पाहून लगेच बाहेर पडू नका. बाजूच्या दफनभूमीत कडेला अबलोनीचे शिंपले लावलेल्या साध्या कबरी आहेत, त्या मिशनमध्ये राबलेल्या आणि रोगांनी गेलेल्या आदिवासींच्या. सेराला २०१५ मध्ये संतपद मिळालं, तेव्हा या आदिवासींच्या वंशजांनी विरोध केला होता. २०२० मध्ये एसेलेन लोकांना लिटल सर नदीकाठची जवळपास १,२०० एकर जमीन परत मिळाली. अडीचशे वर्षांनंतरची पहिली.

बिग सर, आणि बाकी सावधगिरी

कार्मेलहून दक्षिणेला जाणारा हायवे १ हा १९३७ मध्ये खुला झाला. बांधायला कैदीही होते. बिक्सबी पूल १९३२चा. पुलाच्या तोंडाशी रस्त्यावरच गाडी थांबवून फोटो काढू नका, दंड होतो आणि मागे रांग लागते. निघण्याआधी कॅल्ट्रान्सचा, म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याचा, रस्त्यांचा नकाशा पाहायचाच. डोंगर रस्त्यासकट समुद्रात जातो: २०१७ मध्ये मड क्रीकला, २०२१ मध्ये रॅट क्रीकला, २०२४ मध्ये रीजंट्स स्लाइडला. पुढे मोबाइलला रेंज नाही. नकाशा उतरवून ठेवा, पेट्रोल कार्मेललाच भरा. बेकायदा शेकोटी तर अजिबात नको. २०१६ची सोबेरानेस आग अशाच एका शेकोटीतून पेटली आणि १,३२,००० एकर जळाले.

समुद्रात पोहायचा विचार आपल्या लोकांना पटकन सुचतो. पाणी बाराही महिने बारा-पंधरा अंशांचं, आणि ओढ भयंकर. कार्मेलजवळच्या मोनॅस्टरी बीचवर तर गुडघाभर पाण्यात उभं राहिलेली माणसंही ओढली गेली आहेत. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका.

फोर्ट ऑर्डच्या टेकड्यांवर (लष्करी तळ १९९४ मध्ये बंद, जवळच आता राज्य विद्यापीठ) चालायला सुंदर वाटा आहेत, पण वाट सोडायची नाही. न फुटलेला दारूगोळा अजून निघतो. दक्षिणेच्या धुळीत व्हॅली फीव्हरची बुरशी असते, महिनाभर खोकला गेला नाही तर डॉक्टरांना तसं सुचवा. 'अलर्ट मॉन्टेरे काउंटी' या इशारा सेवेवर नंबर नोंदवा. मार्च २०२३ मध्ये पाहारो नदीचा बांध मध्यरात्री फुटला आणि काठचं पाहारो गाव पाण्यात गेलं. जानेवारी २०२५ मध्ये मॉस लँडिंगला बॅटरी साठवणुकीच्या प्रकल्पात आग लागून आसपासची घरं रिकामी करावी लागली. अशा वेळी फोन वाजला तर वेळेत निघता येतं.

भूकंपाचं म्हणाल तर काउंटीच्या आग्नेय टोकाला पार्कफील्ड आहे, थेट सॅन अँड्रियास भेगेवर. १८५७ पासून तिथे सहा तीव्रतेच्या आसपासचे धक्के साधारण बावीस वर्षांनी येत गेले, म्हणून शास्त्रज्ञांनी उपकरणं पेरून ठेवली आणि पुढचा १९९३च्या आत येईल असं सांगितलं. तो २००४ मध्ये आला. गावात शिरताना एक छोटा पूल आहे. त्याच्या एका टोकाला पॅसिफिक प्लेट, दुसऱ्या टोकाला उत्तर अमेरिकी, आणि तशा पाट्याही लावलेल्या. मुलं एकदा इकडून तिकडे पळतात. जायचं तर पेट्रोल हायवे १०१ सोडण्याआधीच भरा, आत पंप नाही.